बारा व्होल्टची जवारी : घरी बनवायचं व्हॉल्व्हचं गिटार पेडल

साहित्य मंडळाच्या अंकात सर्किट कशाला, असं कुणी विचारेल. मित्रांनो, आपल्यात गिटार वाजवणारे पुष्कळ आहेत आणि 'डिस्टॉर्शन' हा शब्द त्यांच्या रोजच्या बोलण्यातला. पण तो मराठीत आणायला गेलं की अडखळायला होतं. विरूपण म्हणा, विकृती म्हणा, दोन्हींत काहीतरी बिघडल्याची तक्रार आहे. मग जे बिघडलंय ते कानाला हवंहवंसं का वाटतं? हे नुसतं वाचून समजत नाही. म्हणून एक छोटी वस्तू हातानं बनवू आणि तिच्याकडूनच उत्तर घेऊ. वस्तू म्हणजे बारा व्होल्टवर चालणारं, एकाच व्हॉल्व्हचं गिटार पेडल. सोल्डरिंगची थोडी सवय असेल तर दोन-तीन सुट्टीच्या दिवसांत होण्यासारखं काम आहे.

बिघाडाचा मान

अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरात मार्टी रॉबिन्स या गायकाच्या 'डोन्ट वरी' या गाण्याचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. ग्रेडी मार्टिन हा वादक सहा तारांचा बास वाजवत होता. त्याचा आवाज मिक्सरच्या ज्या चॅनेलमधून जात होता ते नेमकं बिघडलं आणि बास फाटका, घरघरता येऊ लागला. तो तुकडा काढून न टाकता तसाच ठेवला गेला. १९६१ साली गाणं बाजारात आलं आणि लोकांच्या लक्षात राहिला तो हाच आवाज. तिथले ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी पुढे तोच आवाज मुद्दाम काढणारी डबी तयार केली. १९६२ मध्ये ती 'माइस्ट्रो फझ-टोन' नावानं विक्रीला आली. १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या 'सॅटिस्फॅक्शन'मध्ये कीथ रिचर्ड्सनं ती वापरली आणि मग तिला मागे वळून बघावं लागलं नाही.

ती डबी ट्रान्झिस्टरची होती. आपण मात्र त्याच्या आधीच्या पिढीकडे जाणार आहोत, व्हॉल्व्हकडे. आजोबांच्या काळात रेडिओ लावला की आवाज यायला थोडा वेळ लागायचा, तो या व्हॉल्व्ह तापण्यासाठी. आपल्याकडे बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह बनू लागले होते.

काचेच्या आत काय चालतं

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. आत तापणारी तार असते, तिला हीटर म्हणतात. ती कॅथोडला तापवते आणि तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. समोरच्या प्लेटला धन दाब दिला की ते तिकडे ओढले जातात. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी या दोघांच्या मध्ये तिसरा भाग घातला, तो म्हणजे तारेची जाळी, ग्रिड. ग्रिड कॅथोडपेक्षा जरा ऋण केली की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह कमी होतो, जास्त ऋण केली की थांबतो. नळाची तोटी बोटभर फिरवली की पाण्याची धार बदलते, तसंच. गिटारचा दुबळा सिग्नल ग्रिडवर दिला की त्याच चालीनं प्लेटवरचा मोठा दाब वर-खाली होतो. झालं वर्धन.

आपण घेणार आहोत तो व्हॉल्व्ह आहे १२एयू७. युरोपात त्यालाच ईसीसी८२ म्हणतात. एकाच काचेत दोन स्वतंत्र त्रिकुटं असतात, म्हणजे एका व्हॉल्व्हमध्ये वर्धनाचे दोन टप्पे मिळतात.

अडीचशेचं काम बारात

या व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात प्लेटला २५० व्होल्ट, ग्रिडला उणे साडेआठ व्होल्ट आणि प्रवाह साडेदहा मिलिअँपिअर असं एक नेहमीचं उदाहरण दिलेलं असतं. आपण प्लेटला देणार बारा व्होल्टसुद्धा पुरते नाहीत. पुस्तकाच्या नजरेनं ही व्हॉल्व्हची उपासमार आहे. पण थोडं गणित करून बघा.

या व्हॉल्व्हचा वर्धनांक सुमारे १७ आहे. प्लेटच्या दाबाला १७ नं भागलं की साधारण किती ऋण दाबाला प्रवाह बंद होतो ते कळतं. २५० व्होल्टला हा आकडा येतो १५ च्या आसपास. १२ व्होल्टला येतो ०.७. म्हणजे ग्रिडला हलायला जेमतेम पाऊण व्होल्टाची जागा उरली. दुसऱ्या बाजूला ग्रिड कॅथोडपेक्षा धन झाली तर ती स्वतःच प्रवाह ओढू लागते आणि लाटेचा माथा तिथे दबतो. साध्या पिकअपची गिटार हलक्या हातानं छेडली तर एक-दोन दशांश व्होल्ट देते. पहिल्या टप्प्यात ते कित्येक पटींनी वाढून दुसऱ्या ग्रिडवर आले की पाऊण व्होल्टाची जागा पुरत नाही. लाटेचे माथे कापले जातात, आणि वरचे एका रीतीनं, खालचे वेगळ्या रीतीनं. अडीचशे व्होल्टवर जो आवाज काढायला गिटारचा सिग्नल आधी खूप वाढवावा लागला असता, तो इथे सहज निघतो. दाब कमी हेच इथलं भांडवल.

दुसरं कारण जिवाचं आहे. व्हॉल्व्हच्या मोठ्या अँप्लिफायरमध्ये तीनशे-चारशे व्होल्ट खेळत असतात, आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये ते साठून राहू शकतात. शिकाऊ हातानं तिथे जायचं नाही. जुने काही रेडिओ तर असे असत की त्यांची लोखंडी चौकटच मेन्सच्या एका तारेला जोडलेली असे. म्हणून माळ्यावरचा रेडिओ उघडून, प्लग लावून व्हॉल्व्ह तपासायचा मोह टाळा. शिवाय कुठलाही व्हॉल्व्ह चालत नाही, नंबर बघूनच घ्या.

सामान

- १२एयू७ व्हॉल्व्ह आणि नऊ पिनांचं सॉकेट
- १२ व्होल्ट, निदान ५०० मिलिअँपिअरचा बंद अडॅप्टर (हीटर १५० मिलिअँपिअर घेतो, पण थंड असताना क्षणभर जास्त ओढतो)
- रेझिस्टर : १ मेगाओहम एक, १०० किलोओहम दोन, १ किलोओहम एक
- कपॅसिटर : ०.०४७, ०.०२२ आणि ०.१ मायक्रोफॅरड प्रत्येकी एक. १०० मायक्रोफॅरड २५ व्होल्टचा एक
- पोटेन्शियोमीटर, लॉग जातीचे : ४७० किलोओहम (गेन), १०० किलोओहम (व्हॉल्यूम)
- १एन५८१७ डायोड, दोन जॅक, अडॅप्टरचं सॉकेट, नऊ टोकांचा फूटस्विच, अॅल्युमिनियमची डबी

जोडणी

सॉकेट उलटं धरा. खालून बघताना पिनांमधल्या मोकळ्या जागेपासून घड्याळाच्या दिशेनं १ ते ९ मोजा. हे चुकलं तर पुढचं सगळं चुकतं, म्हणून कागदावर चित्र काढून समोर ठेवा.

१. वीज : अडॅप्टरचं धन टोक डायोडमधून आत घ्या. गिटार पेडलच्या अडॅप्टरमध्ये मधली पिन बहुधा ऋण असते, इतर अडॅप्टरमध्ये धन. चुकीचा लागला तर डायोड अडवतो. ऋण टोक ग्राउंडला.

२. हीटर : डायोडनंतरचे १२ व्होल्ट पिन ४ ला, पिन ५ ग्राउंडला. पिन ९ रिकामी.

३. प्लेटची वीज : तेच १२ व्होल्ट १ किलोओहममधून पुढे न्या आणि तिथून ग्राउंडला १०० मायक्रोफॅरड लावा, ऋण खूण ग्राउंडकडे. अडॅप्टरची गुणगुण इथे गाळली जाते. या बिंदूपासून १०० किलोओहमचा एक रेझिस्टर पिन १ ला, दुसरा पिन ६ ला.

४. कॅथोड : पिन ३ आणि ८ सरळ ग्राउंडला.

५. पहिला टप्पा : इनपुट, मग ०.०४७ चा कपॅसिटर, मग पिन २. पिन २ पासून ग्राउंडला १ मेगाओहम. या मोठ्या रेझिस्टरमुळे ग्रिड आपोआप किंचित ऋण राहते, वेगळी सोय करावी लागत नाही.

६. दुसरा टप्पा : पिन १ पासून ०.०२२ चा कपॅसिटर गेनच्या वरच्या टोकाला. खालचं टोक ग्राउंडला, मधलं टोक पिन ७ ला.

७. बाहेर : पिन ६ पासून ०.१ चा कपॅसिटर व्हॉल्यूमच्या वरच्या टोकाला, खालचं टोक ग्राउंडला, मधलं टोक आउटपुटला.

फूटस्विच शेवटी जोडा. आधी त्याच्याशिवाय सर्किट चालतंय याची खात्री करा. इनपुटची तार जाळीची आणि आखूड ठेवा. व्हॉल्व्ह डबीच्या बाहेर डोकावू द्या किंवा डबीला भोकं पाडा, कारण एकटा हीटरच पावणेदोन वॅट उष्णता देतो. सोल्डरमध्ये शिसं असतं, तेव्हा खिडकी उघडी ठेवा आणि जेवण्याआधी हात धुवा. अडॅप्टर मात्र कधीही उघडू नका. त्याच्या आत घरचे २३० व्होल्ट असतात.

चालू केल्यावर

मिनिटभर थांबा. हीटरची मंद नारिंगी धग दिसेल, पण तिच्यावर भाळू नका. व्हॉल्व्हमागे नारिंगी एलईडी लावूनही तशी धग दाखवता येते! मीटर लावा. पिन १ आणि ६ वर चार ते नऊच्या दरम्यान व्होल्ट दिसले तर ठीक. पुरते बारा दिसले तर प्रवाहच वाहत नाही : हीटर किंवा कॅथोडची जोडणी तपासा. शून्य दिसलं तर प्लेट कुठेतरी ग्राउंडला टेकलीय, किंवा तिला वीजच पोचत नाहीये. प्रत्येक व्हॉल्व्ह थोडा वेगळा वागतो, म्हणून १०० किलोओहमच्या जागी ४७ पासून २२० किलोओहमपर्यंत बदलून बघायला हरकत नाही. प्लेटवर पुरवठ्याच्या निम्म्याच्या आसपास दाब आला की दोन्ही बाजूंना हलायला जागा मिळते. आवाज फार जाडा, गढूळ वाटला तर ०.०२२ च्या जागी ०.००४७ चा कपॅसिटर घाला, खर्ज कमी होईल.

आता कानाकडे

लाटेचे माथे कापले की मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे स्वर नव्यानं जन्मतात. मूळ स्वर सा धरला तर दुप्पट म्हणजे तार सा, तिप्पट म्हणजे तार सप्तकातला पंचम, पाचपट म्हणजे त्याच्याही वरच्या सप्तकातला गंधार. ही यादी ओळखीची वाटली ना? तंबोरा ऐकताना हेच स्वर कानावर येतात. बेळगावपासून मिरज काही लांब नाही. तिथले कारागीर तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग घासून घासून जवारी काढतात. तार घोडीला एका बिंदूत टेकत नाही, किंचित उतरत्या पृष्ठभागाला स्पर्श करत कंप पावते. वर दोऱ्याची जागा केसभर सरकवली की आवाज खुलतो. तारेचं निखळ, सुटं कंपन हीच शुद्धता मानली तर जवारी हासुद्धा अडथळाच. पण त्या अडथळ्यावाचून तंबोरा मुका वाटतो.

दोन्हींचं यंत्र वेगळं, दोन्हींतला हिशेब मात्र सारखा : किती अडवायचं, कुठे अडवायचं हे कुणीतरी कान लावून ठरवलेलं असतं. बिघाड आणि जवारी यांत फरक आहे तो एवढाच.

पेडल मात्र एका बाबतीत तंबोऱ्यापेक्षा कठोर आहे. दोन स्वर एकत्र दिले की ते त्यांच्या वजाबाकीचा स्वरही काढतं. २०० आणि ३०० कंपनं, म्हणजे सा-प, यांची वजाबाकी १००, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. जमलं. आता सा-ग घ्या. सा ४०० असेल तर गिटारवरचा ग नेमका ५०० नसतो, ५०४ च्या आसपास असतो, कारण गिटारचे पडदे समान अंतराच्या स्वरमेळात बसवलेले असतात. वजाबाकी १०४. खालचा सा हवा होता १००. हा अर्धस्वराच्या निम्म्याहूनही मोठा बेसूर. रॉकवाले सा-पचा 'पॉवर कॉर्ड' इतका का वापरतात, याचं एक मोठं कारण इथे आहे.

करून बघा

१. गेन पूर्ण उघडून आधी सा-प आणि मग सा-ग-प वाजवा. कुठला गढूळ होतो ते लिहून ठेवा. मग गेन निम्म्यावर आणून पुन्हा.

२. गेन तसाच ठेवून गिटारचा स्वतःचा व्हॉल्यूम कमी करा. आवाज नुसता लहान होतो की स्वच्छही होतो? पाऊण व्होल्टाचं गणित आठवा.

३. वीज बंद करून, व्हॉल्व्ह थंड झाल्यावर तो काढा आणि पुन्हा चालू करा. या सर्किटमध्ये दुसरा वर्धक नाही, त्यामुळे गिटार गप्प होईल. विकतच्या एखाद्या 'व्हॉल्व्ह' पेडलचा नकाशा हाती आला तर हाच प्रश्न त्याला विचारा : व्हॉल्व्ह काढला तर नेमकं काय थांबेल?

४. 'डिस्टॉर्शन'ला स्वतःचा मराठी शब्द सुचवा. अट एकच : तक्रारीचा सूर त्यात नसावा. सुचलेले शब्द मंडळाच्या पुढच्या बैठकीत घेऊन या. पेडलही आणा, शब्द त्यावर वाजवून पारखू.