देण्यातला आनंद मोजता येतो का?



"दिल्याने आनंद वाढतो" हे आपण मुलांना परिपाठात नेहमी सांगतो. पण ते खरंच वाढतं का, हे कुणी मोजून पाहिलंय का? तर हो, पाहिलंय.

२००८ साली एलिझाबेथ डन, लारा अक्निन आणि मायकेल नॉर्टन या संशोधकांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये त्यांनी ४६ जणांना सकाळी एकेक पाकीट दिलं. कुणाच्या पाकिटात ५ डॉलर, कुणाच्या २०. काहींना सांगितलं, संध्याकाळी पाचच्या आत हे स्वतःवर खर्च करा. बाकीच्यांना सांगितलं, दुसऱ्यासाठी काही घ्या किंवा दान करा. संध्याकाळी पुन्हा विचारलं, किती खूश आहात? दुसऱ्यावर खर्च करणारे जास्त खूश निघाले. आणि गंमत म्हणजे ५ की २०, याने काहीच फरक पडला नाही! इतर लोकांना आधी अंदाज विचारला, तर बहुतेकांनी उलटंच सांगितलं होतं.

मला मात्र २०१२ चा प्रयोग जास्त आवडतो, कारण तो आपल्या कामाचा आहे. दोन वर्षंही पूर्ण न झालेल्या बाळांना खाऊ दिला आणि समोर एक बाहुली ठेवली. खाऊ मिळाला तेव्हापेक्षा बाहुलीला देताना बाळांचे चेहरे जास्त खुलले. त्यातही संशोधकाने हातात ठेवलेला जादा खाऊ देताना कमी, आणि स्वतःच्या वाटीतला देताना जास्त! म्हणजे आपल्यातलं थोडं कमी करून देण्यातच खरी मजा.

पण इथे एक मेख आहे. वाइनस्टाइन आणि रायन यांच्या २०१० च्या अभ्यासात दिसलं, की मदत स्वतःच्या मर्जीने केली तरच बरं वाटतं. दबावाने केली तर तो आनंद मिळत नाही. आता आपल्याकडे बघा. मदतनिधीची पावती-पुस्तकं मुलांच्या हातात द्यायची, कुणी किती आणले ते वर्गात वाचून दाखवायचं. ज्याच्या घरून दहा रुपये निघत नाहीत, ते पोर मान खाली घालून बसतं. याला दान कसं म्हणायचं? घरीसुद्धा "दे बरं ताईला, नाहीतर काढून घेईन" हेच चालतं.

माझ्या वर्गात म्हणून वाढदिवसाला गोळ्या वाटायची सक्ती नाही. ज्याला वाटेल त्याने काहीही द्यावं. पेन्सिलीला टोक करून देणं चालतं, लहान भावंडाला गोष्ट वाचून दाखवणं चालतं, आणि कुणाला काही द्यायचं नसेल तर तेही चालतं.