नारिंगी घरात दारू कशी आली?

प्रश्न : मुलाने कॅनडाहून येताना ‘ट्रिव्हियल परस्यूट’ हा पटावरचा खेळ आणला. मी जन्मभर शाळेत कबड्डी-खोखो शिकवले, म्हणून मुद्दाम नारिंगी, म्हणजे खेळांच्या, घरात सोंगटी नेली. तर प्रश्न आला, अमुक कॉकटेलमध्ये कोणती दारू असते! सुना-नातवंडे हसून लोटपोट. हा खेळाचा प्रश्न कसा? कार्ड चुकीचे छापले आहे का?
– एक निवृत्त क्रीडाशिक्षक, सांगली

उत्तर : सर, कार्ड बरोबर आहे. पाटी मात्र तुम्ही अर्धीच वाचलीत. नारिंगी विभागाचे पूर्ण नाव ‘खेळ आणि विरंगुळा’ असे आहे, आणि विरंगुळा म्हटला की त्यात काय मावत नाही? पत्ते, छंद, पटावरचे खेळ आणि संध्याकाळचा पेला, सगळे त्या ‘आणि’च्या दारातून आत आले.

पण खरी मेख हिशेबात आहे. हा खेळ १९७९ साली माँट्रियलमध्ये ख्रिस हेनी आणि स्कॉट ॲबट या दोन पत्रकारांना सुचला. १९८१ च्या पहिल्या आवृत्तीत १००० कार्डे होती. प्रत्येक कार्डावर भूगोल, मनोरंजन, इतिहास, कला-साहित्य, विज्ञान-निसर्ग आणि तुमचा नारिंगी, अशा सहा विषयांचा एकेक प्रश्न. म्हणजे प्रत्येक विषयाला बरोबर एक हजार प्रश्न हवेत. एक कमी नाही, एक जास्त नाही. जगातले ज्ञान काही असे सहा सारख्या वाट्यांत येत नाही. एखादा विषय आठशेवरच दमतो, मग शेजारच्या विषयातले प्रश्न उचलून त्याच्या ताटात वाढावे लागतात. हे दोघे वर्तमानपत्रवाले. ॲबट तर क्रीडा पत्रकारच. त्यामुळे मला आपले वाटते की खेळाचे पान आणि रविवारची पुरवणी त्यांच्या डोक्यात एकाच गठ्ठ्यात बांधलेली असणार!

दुसरी भानगड प्रश्नाच्या स्वभावातच आहे. ‘पहिला फुटबॉल विश्वचषक कोणत्या देशात झाला?’ उत्तर उरुग्वे, साल १९३०. आता हा प्रश्न कुठे टाकाल? विचारला आहे फुटबॉलबद्दल, उत्तर आहे देशाचे नाव आणि घटना नव्वदहून अधिक वर्षांपूर्वीची. नारिंगी, भूगोलाचा निळा, इतिहासाचा पिवळा, तिन्ही रंग त्यावर हक्क सांगतील. प्रश्नाच्या विषयावरून वर्गवारी करायची की उत्तराच्या, हे एकदा ठरवून तेच शेवटपर्यंत पाळले तर निदान वाद तरी बेताचे होतील. कार्डे वाचताना तसे काही ठरल्याचे जाणवत नाही. ‘कोणत्या देशात’ हे शब्द दिसले की प्रश्न भूगोलात, असाही प्रकार होतो, आणि मग भूगोलाच्या शिक्षकांची तुमच्यासारखीच फजिती.

कप्पे पाडणारे सगळेच असे फसतात. मेल्व्हिल ड्यूई यांनी १८७६ मध्ये ग्रंथालयांसाठी ज्ञानाचे दहा वर्ग केले. त्यात धर्माला शंभर आकडे मिळाले, पण ख्रिस्ती धर्माने त्यातले बहुतेक व्यापले आणि हिंदू, बौद्ध, इस्लाम वगैरे उरलेल्या जगाची सोय शेवटच्या दहांत लागली. त्यामानाने तुमचे कॉकटेल बरेच ऐसपैस बसले आहे.

घरी खेळताना एक नियम करून पाहा. प्रश्न भलत्याच विषयात पडला आहे असे उत्तर देणाऱ्याला सोडून बाकी सगळ्यांचे एकमत झाले, तर दुसरे कार्ड काढायचे. कबूल आहे, विरुद्ध बाजूचे लोक असे एकमत सहसा होऊ देत नाहीत.

आणि एक लक्षात असू द्या. बरोबर उत्तरांबद्दल मिळणाऱ्या सहाही रंगांच्या फोडी जमल्या की पटाच्या मध्यभागी जावे लागते आणि तिथल्या शेवटच्या प्रश्नाचा विषय प्रतिस्पर्धी निवडतात. क्रीडाशिक्षकाला कुणी नारिंगी विषय दिला नसता, पण त्या कॉकटेलनंतर तुमची नातवंडे बहुधा तोच देतील.