तंजावरचे बोडके बैल

जुने घर जतन करणे त्या मानाने सोपे असते. चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र संग्रहालयात तंजावरकडील शेतकऱ्याचे घर पुन्हा उभारलेले आहे; त्या घराच्या गोठ्याचा धनी मात्र कावेरीच्या खाचरांतच शोधावा लागतो. जुन्या तंजावर जिल्ह्यातील उंब्लाचेरी गावावरून या गुरांना नाव मिळाले. वासरू जन्मतः तांबूस असते. पुढे काही महिन्यांत ते करडे होते. बैल ठेंगणा, काटक, चिखलणीस सोयीचा. त्याची शिंगे काढून टाकण्याची रीत होती, म्हणून तो ‘मोट्टै माडु’, अर्थात बोडका बैल. यंत्रे आली, बैलांचे काम गेले आणि कळपही रोडावले. तिरुवारूर जिल्ह्यातील कोरुक्कैच्या सरकारी पशुपैदास केंद्रात हा वंश राखला जातो. चिखलणी नसेल तर शेतकऱ्याने बैल पोसावा कशासाठी, हा प्रश्न केंद्राच्या कुंपणाबाहेर उरतोच.