परतीचं पाणी बघून कयाक घे

पेडलवाली कयाक घ्यायची म्हणतोस, जरूर घे. एडिसनला राहणाऱ्या आणि माशांचं वेड असलेल्या माणसाला रॅरिटन बे इतका जवळ असताना किनाऱ्यावर उभं राहून गळ टाकत बसण्यात अर्थ नाही. वल्ह्याच्या कयाकमध्ये हात वल्ह्यात अडकलेले असतात. मासा लागला की वल्हं मांडीवर टाकायचं, रॉड उचलायचा, आणि तेवढ्यात वाऱ्याने आपल्याला माशाच्या जागेवरून पार बाजूला नेलेलं असतं. पेडलवर पाय चालत राहतात आणि दोन्ही हात गळाला मोकळे राहतात. फ्लूकसाठी तळाशी आमिष फिरवताना होडी वाऱ्याबरोबर किती वाहू द्यायची, हे तू पायांनी ठरवतोस, दोर सरळ खाली राहतो. हे सुख मोठं आहे.

पण पायांना दंडांपेक्षा कितीतरी जास्त दम असतो. त्यामुळे माणूस गप्पा मारत मारत दोन मैल आत जातो आणि त्याला त्याचं काहीच वाटत नाही. दुकानदार तुला जाण्याबद्दल सांगेल: वेग किती, उभं राहता येतं का, फिशफाइंडर कुठे बसतो. मी तुला येण्याबद्दल सांगतो, कारण कयाक निवडायची ती येण्यासाठी.

आधी वारा समजून घे. आपल्या गावाकडे शिडाच्या होड्या पहाटेच्या मतलई वाऱ्यावर बाहेर पडायच्या आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्यावर घरी यायच्या. वारा स्वतःच घरी आणून सोडायचा. तिथला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे म्हणून हे जमतं. रॅरिटन बेचा जर्सीकडचा किनारा, म्हणजे कीपोर्ट, कीन्सबर्गचा पट्टा, उत्तरेला तोंड करून आहे. उन्हाळ्यात दुपारी दक्षिणेचा वारा सुटतो, तो जमिनीवरून पाण्याकडे वाहतो. काठाजवळ झाडाघरांचा आडोसा असतो, पाणी सपाट दिसतं, आणि वारा तुला हळूच स्टॅटन आयलंडकडे ढकलत राहतो. वळून घराकडे तोंड केलंस की मग लाट छातीवर येते. कयाकची परीक्षा त्या क्षणी होते. म्हणून बेसाठी दहा फुटी, आखूड आणि रुंद कयाक घेऊ नकोस. ती तळ्यात छान, गॅरेजमध्ये छान, पण वाऱ्याविरुद्ध पाय मारून मारून माणूस थकतो आणि किनारा जवळ येत नाही. बारा ते साडेतेरा फूट लांबी धर. लांब होडी तेवढ्याच कष्टात जास्त अंतर कापते.

आता यंत्र. यात दोन घराणी आहेत. कॅलिफोर्नियातल्या ओशनसाइडच्या होबी कंपनीने १९९७ मध्ये मिराज ड्राइव्ह आणली. तळाखाली दोन लवचीक पंख डावी-उजवीकडे हलतात, पेंग्विन पोहतो तसे, आणि तू पाय आळीपाळीने पुढे ढकलतोस. दुसरं घराणं पंख्याचं, म्हणजे प्रोपेलरचं. नेटिव्ह वॉटरक्राफ्टची प्रोपेल आणि ओल्ड टाउनची पीडीएल ही त्यातली नावाजलेली. ओल्ड टाउन ही मेन राज्यातली जुनी होड्यांची कंपनी, १८९८ पासूनची. त्यांच्या पीडीएलमध्ये पेडलचा एक फेरा झाला की पंख्याचे दहाहून थोडे जास्त फेरे होतात. इथे पाय सायकलसारखे गोल फिरतात.

कोणतं चांगलं, हा प्रश्न असा विचारूच नकोस. तू कुठे जाणार, हे आधी सांग. बार्नेगट बेला जाणार असशील तर तिथे सरासरी खोली जेमतेम पाच फूट, आणि कित्येक ठिकाणी तळाला ईलग्रासची लांब पाती. पंखा होडीच्या तळापासून फूट-दीड फूट खाली असतो. पात्यांचा गुंडाळा त्याच्या दांड्यावर बसला की यंत्र वर उचलून गवत सोडवत बसावं लागतं. मिराजमध्ये एक पाय पूर्ण पुढे केला की दोन्ही पंख तळाला चिकटतात आणि होडी उथळातून निघून जाते. याउलट जेट्टीच्या दगडांजवळ टॉटॉगसाठी, किंवा पुलाच्या खांबाशी स्ट्राइप्ड बाससाठी बसणार असशील, तर पंख्याला तोड नाही. पाय उलटे फिरवले की होडी उलटी जाते, तत्क्षणी, काही बदलावं लागत नाही. मासा दगडात घुसायला बघतो तेव्हा हा मागे जाण्याचा क्षण फार मोलाचा असतो. मिराज कित्येक वर्षं फक्त पुढेच जायची. उलट जायची सोय १८० नावाच्या आवृत्तीपासून आली, तीही दोरी ओढून पंख फिरवल्यावर. जुनी होबी घेणार असशील तर हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नकोस.

आणि गुडघे. तुझे आता ठणठणीत आहेत, पण चार तास पेडल मारायचं आहे. गोल फेऱ्यात गुडघा वर येतो आणि जास्त वाकतो. ढकलण्याच्या पद्धतीत कमी वाकतो. सीट पुढेमागे करून, बूट घालून, दुकानाच्या डेमोच्या दिवशी अर्धा तास तरी चालवून बघ. पाच मिनिटांच्या चकरेत काही कळत नाही.

वजनाबद्दल कोणी खरं बोलत नाही. कॅटलॉगमध्ये छापतात ते बऱ्याचदा नुसत्या सांगाड्याचं. सीट, यंत्र, सुकाणू, रॉड, बर्फाची पेटी असा साज चढला की बारा फुटी कयाक शंभर पौंडांच्या, म्हणजे पंचेचाळीस किलोंच्या पुढे जाते. होबीची प्रो अँगलर १४ सारखी मोठी तर एकशे चाळीस पौंडांच्या घरात. सकाळी सहाला ती गाडीवरून उतरवणं सोपं असतं. अकरा वाजता ओहोटी लागलेली असते, पाणी मागे गेलेलं असतं, आणि ओल्या वाळूतून तीच होडी दुप्पट अंतर ओढायची असते, तीही दमलेल्या पायांनी. तेव्हा तू एकटा असशील असंच धरून चाल. फुगीर, रुंद चाकांची गाडी घे, आणि तळाला आधार देणारी. होडीतलं पाणी निचरायच्या भोकांत दांडे खुपसून बसणारी चाकगाडी स्वस्त असते, पण जड होडीचं सगळं वजन त्या भोकांवर येतं आणि तिथेच चीर पडते. तुझ्या एसयूव्हीच्या रॅकला किती वजन चालतं ते गाडीच्या पुस्तिकेत बघ, आणि त्यातून रॅकचं स्वतःचं वजन वजा कर. त्यात बसत नसेल तर एक तर हलकी कयाक किंवा ट्रेलर. तिसरा मार्ग नाही.

रुंदीचं मात्र मी जरा जास्त सांगणार आहे. चौतीस-छत्तीस इंच रुंद कयाकमध्ये उभं राहून गळ टाकता येतो, आणि सगळे त्यावरच भाळतात. पण रुंद आणि जड होडी एकदा उलटली की तिला पाण्यातून सरळ करणं तितकंच कठीण. एप्रिलमध्ये बंकरचे थवे रॅरिटन बेमध्ये शिरतात. तो आपल्या तारलीच्या जातकुळीतला मासा. त्यांच्या मागे स्ट्राइप्ड बास येतात आणि जर्सीतला प्रत्येक मासेवेडा पाण्यावर असतो. हवा साठ फॅरनहाइट, ऊन छान, माणूस टी-शर्टवर निघतो. पाणी मात्र पंचेचाळीस-पन्नास असतं. त्या पाण्यात पडलं की पहिलं मिनिट नुसता श्वास ताब्यात आणण्यात जातं, आणि त्यानंतर हातपाय कामाचे राहतात ते साधारण दहा मिनिटं. तेवढ्यात होडी सरळ करून वर चढायचं आहे. म्हणून कपडे पाण्याच्या तापमानाचे घालायचे, हवेच्या नव्हे. वसंतात ड्रायसूट नसेल तर काठावरून मासेमारी कर, त्यात कमीपणा नाही. लाइफ जॅकेट होडीत ठेवलं की कायद्याचं समाधान होतं, तुझं ते अंगावर असल्यावरच होईल. त्याच्या खिशात शिट्टी आणि पाण्यात चालणारा व्हीएचएफ रेडिओ. मदतीसाठी १६ नंबरचा चॅनेल.

आणि विकत घेण्याआधी, नाहीतर घेतल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात, जुलैच्या कोमट पाण्यात कमरेइतक्या खोलीत तिला मुद्दाम उलटी कर. सरळ कर. वर चढ. मग छातीवर पाणी येईल तिथे, पाय न टेकता, तेच कर. जी कयाक तुला एकट्याला सरळ करता येत नाही, ती कितीही सुंदर असली तरी तुझी नाही.

भारक्षमतेचा छापलेला आकडा पूर्ण वापरायचा नाही. चारशे पौंड लिहिलं असेल तर तू, कपडे, बर्फ, मासे सगळं मिळून पावणेतीनशेच्या आत ठेव. त्याच्या वर होडी खाली बसते, निचऱ्याच्या भोकांतून पाणी वर येतं आणि तुझी बैठक ओली होते.

सुकाणूचा दांडा कोणत्या हाताला आहे ते बघ. बहुतेकांत डावीकडे असतो, आणि तू डावखुरा आहेस. मासा लढत असताना रॉड ज्या हातात असेल त्याच हाताला सुकाणू असेल तर पंचाईत.

पेडल आहे म्हणून वल्हं घरी ठेवणारे मी पाहिले आहेत. तसं करू नकोस. काही यंत्रांत पंखा एका छोट्या पिनवर असतो. दगडाला लागला की यंत्र वाचावं म्हणून ती पिन मुद्दाम तुटते. दोन जादा पिना आणि पक्कड जवळ असू दे, आणि वल्हं होडीला बांधलेलं.

फिशफाइंडर पहिल्या वर्षी नको. मोटर तर नकोच. मोटर लावली की कयाकची नोंदणी आली. नुसत्या पेडलवर ती कटकट नाही. खाऱ्या पाण्यातल्या मासेमारीसाठी जर्सीत नावनोंदणी लागते, ती फुकट होते, तेवढी करून टाक. स्ट्राइप्ड बास सध्या २८ ते ३१ इंचांमधला, दिवसाला एकच ठेवता येतो, म्हणून मोजपट्टी हाताशी हवी. लिओनार्डोजवळ नौदलाचा जो जवळपास तीन मैल लांब धक्का पाण्यात गेला आहे, त्याच्या आसपासही फिरकू नकोस. तिथे बंदी आहे आणि ती पाळली जाते.

किमती दोन हजार डॉलरपासून पाच हजारांपर्यंत जातात. तू नवीन घेऊ नकोस. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लोक थंडीआधी गॅरेज रिकामं करतात, तेव्हा बघ. होडी उलटी करून यंत्र बसतं त्या खाचेच्या कडा बोटाने चाचप, चीर तिथे आधी येते. मागच्या बुचाचं झाकण काढून होडी तिरकी कर; आतून पाणी किंवा मिठाची भुकटी निघाली तर विचार. पेडल हाताने फिरवून बघ, कुठे खुळखुळतंय का. मिराज असेल तर पंखाची काठी वाकलेली नाही ना ते डोळ्यांसमोर धरून बघ. मालकाने दर वेळी गोड्या पाण्याने धुतली का, हे त्याला विचारायची गरज नाही, स्क्रूंवरचा गंज सांगतो. एखादी आवडली तर मला फोटो पाठव. शनिवारी मी मोकळा असतो, आणि ट्रेलर माझ्याकडे आहे.