गोधडीची ऊब आणि तापमापीचा आकडा

चि. भाचीस अनेक उत्तम आशीर्वाद.

तिसरी-चौथीच्या वर्गाला उष्णता शिकवायची म्हणजे वहन, अभिसरण आणि प्रारण यांच्या व्याख्या फळ्यावर लिहून द्यायच्या, असा समज नव्या शिक्षकांमध्ये सहज रुजतो. परंतु या विषयाची खरी अडचण व्याख्यांच्या कितीतरी आधी सुरू होते, कारण आठ-नऊ वर्षांचे मूल वर्गात येते तेव्हा उष्णतेविषयीचे त्याचे बरेचसे शिक्षण घरीच उरकलेले असते, आणि ते त्याच्या हातांनी व त्याच्या मातृभाषेने केलेले असते. मराठीत गोधडी ऊब देते, दार उघडे राहिले तर थंडी आत येते, आंबा उष्ण असतो आणि ताक थंड असते. यांपैकी एकही वाक्य घरात चुकीचे नाही, आणि शिक्षिकेने ते चुकीचे ठरवण्याच्या भरीस पडू नये. आंबा उष्ण म्हणताना आजी तो खाल्ल्यावर शरीराला काय होते याविषयी बोलत असते, म्हणून फ्रिजमधून काढलेला आंबाही तिच्या अर्थाने उष्णच राहतो. तापमापी मात्र त्याच आंब्याला थंड ठरवते. शब्द एक आणि अर्थ दोन, एवढे मुलांना समजावून सांगितले की आजीचाही मान राहतो आणि विज्ञानाचाही.

पहिली फोड करावी लागते ती उष्णता आणि तापमान यांची. तापमान म्हणजे पदार्थ किती गरम आहे हे सांगणारा आकडा, तर उष्णता म्हणजे तापमानातील फरकामुळे जास्त गरम पदार्थाकडून कमी गरम पदार्थाकडे जाणारी ऊर्जा. प्रत्येकी ३० अंश सेल्सिअसचे दोन पेले पाणी एका पातेल्यात ओतले तर तापमान किती होईल, असे विचारल्यास अनेक मुले बेरीज करून ६० सांगतात, आणि तापमापीत पुन्हा ३०च दिसले की गोंधळतात. हा गोंधळ अतिशय मोलाचा आहे; पाणी दुप्पट झाले, त्यातील ऊर्जाही दुप्पट झाली, पण आकडा तोच राहिला, हे त्या क्षणी जितके पटते तितके व्याख्येने कधीच पटत नाही. मुलांच्या या चुकीला कमी लेखू नये, कारण हा भेद विद्वानांनाही फार उशिरा उमगला. अठराव्या शतकात स्कॉटलंडमधील जोसेफ ब्लॅक यांनी तो नीट मांडला आणि बर्फ वितळत असताना उष्णता घेत राहतो तरी त्याचे तापमान शून्यावरून हलत नाही, हेही दाखवून दिले. अशा रीतीने आत शिरूनही तापमापीला न दिसणाऱ्या उष्णतेला अप्रकट उष्मा म्हणतात, आणि तिचे प्रमाण थोडेथोडके नाही: एक ग्रॅम बर्फ केवळ वितळवण्यासाठी जितकी उष्णता लागते तितक्या उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते.

हातावरील मुलांचा विश्वास हा याहून कठीण प्रश्न आहे. एक हात थंड पाण्यात आणि दुसरा सोसवेल इतक्या गरम पाण्यात थोडा वेळ ठेवून मग दोन्ही हात एकाच कोमट पाण्यात बुडवले, तर तेच पाणी एका हाताला गरम आणि दुसऱ्याला गार लागते, ही गोष्ट इंग्लिश तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी १६९० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात नोंदवली आहे. तिच्यापाठोपाठ स्टीलचे ताट आणि लाकडी पोळपाट यांची परीक्षा घ्यावी. रात्रभर एकाच खोलीत राहिलेल्या या दोन वस्तूंना सकाळी हात लावला की ताट गार लागते, पण तापमापी दोहोंचे तापमान एकच दाखवते. कारण स्टील हे लाकडापेक्षा कितीतरी चांगले सुवाहक, म्हणजे उष्णता चटकन वाहून नेणारे द्रव्य असल्याने ते बोटांची उष्णता भराभर ओढून घेते, आणि ओढली जाणारी ती उष्णता मुलाला थंडपणा वाटते. येथेच थांबले तर धातू मुळातच थंड असतो ही समजूत कायम राहण्याचा धोका असतो, म्हणून त्याच दोन वस्तू दुपारच्या उन्हात ठेवून पुन्हा स्पर्श करण्यास सांगावे. आता ताटच पोळपाटापेक्षा अधिक चटका देते, कारण उष्णता बोटांकडे येऊ लागली आणि स्टील ती देतानाही तितकेच तत्पर असते.

गोधडीचा धडा मात्र सर्वांत सावकाश द्यावा. बर्फाचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, एक उघड्या बशीत ठेवावा, दुसरा गोधडीत गुंडाळावा, आणि आधी कोणता वितळेल याचा अंदाज प्रत्येकाने वहीत लिहावा. गोधडी ऊब देते असे मानणारा वर्ग बहुधा गोधडीतला बर्फ आधी संपेल असे लिहितो, आणि प्रत्यक्षात तोच जास्त टिकतो. गोधडीच्या थरांत अडकलेली हवा उष्णतेची वाट अडवते. आत माणूस असेल तर त्याची ऊब बाहेर जाऊ देत नाही, आत बर्फ असेल तर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही. ऊब गोधडीची नसतेच, ती पांघरणाऱ्या अंगाची असते. एवढे दाखवूनही काही मुले मान्य करणार नाहीत, आणि त्यात शिक्षिकेने स्वतःचे अपयश पाहू नये. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातील चौथीच्या एका वर्गाची हकिकत १९९० साली प्रसिद्ध झाली. त्या मुलांनी स्वेटरमध्ये तापमापी ठेवल्या, पारा चढला नाही, तरीही स्वेटर गरमच असतो हे मत त्यांनी सोडले नाही, उलट थंड हवा आत शिरली असेल असे म्हणून पुन्हा पुन्हा प्रयोग केले. विज्ञानाचा इतिहास याहून वेगळा नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए यांच्या १७८९च्या ग्रंथात उष्णता हे एक मूलद्रव्य म्हणून नोंदले होते. १७९८ साली काउंट रम्फर्ड या शास्त्रज्ञांनी तोफांना भोक पाडताना केवळ घर्षणाने, विस्तवाविना, अडीच तासांत पाणी उकळल्याचे जाहीर केले, तरी उष्णता हे द्रव्य आहे ही कल्पना पुढे अनेक दशके टिकून राहिली.

अभिसरण, म्हणजे हवा किंवा पाणी स्वतः सरकून उष्णता नेते तो प्रकार, शिकवताना उष्णता वर जाते असे वाक्य शिक्षिकेने तोंडून निघू देऊ नये. वर जाते ती तापून हलकी झालेली हवा किंवा तसे पाणी. कोकणातील मुलांना दिवसा समुद्रावरून येणारे खारे वारे आणि रात्री जमिनीवरून जाणारे मतलई वारे हे उदाहरण पुरेसे आहे. प्रारणाला, म्हणजे मधल्या पदार्थाच्या मदतीविना होणाऱ्या उष्णतेच्या प्रवासाला, सुमारे १५ कोटी किलोमीटरची पोकळी ओलांडून येणारे ऊन हाच दाखला.

उष्मागतिकी, म्हणजे उष्णता आणि कार्य यांच्या परस्परसंबंधांचे शास्त्र, हे नाव या वयात उच्चारण्याची गरज नाही, परंतु त्याचा गाभा मुलांपासून लपवण्याचेही कारण नाही. एकत्र राहिलेली ताट-पोळपाटाची जोडी अखेर एकाच तापमानाला येते. तळहात चोळले की हालचालीची ऊर्जा उष्णता होते, नाहीशी होत नाही. आणि कपातला चहा आपोआप निवतो, पण निवलेला चहा खोलीतील उष्णता ओढून आपोआप कधीच तापत नाही. फ्रिज उलटे काम करतो खरा, पण त्यासाठी त्याला वीज लागते आणि आतली उष्णता तो बाहेर टाकतो, हे त्याच्या मागे हात धरून कळते. मामाच्या मते या चार उदाहरणांत चहाचा कप सर्वांत खोल आहे.

वर्गात पाऱ्याची तापमापी नेऊ नये, लाल अल्कोहोलची न्यावी. पाणी ४० अंशांच्या वर तापवू नये, आणि ज्योत फक्त शिक्षिकेच्या हाती असावी.

नव्या सत्रात पाठ्यपुस्तक उघडण्याआधी बर्फाचे दोन तुकडे आणि एक जुनी गोधडी वर्गात न्यावी, आणि शेवटच्या मुलाचा अंदाज वहीत उतरेपर्यंत उत्तर सांगू नये, एवढी मामाची विनंती आहे.