पत्रकाच्या तळाची ओळ

निवडणूक जवळ आली की भिंतींवर भित्तिपत्रके लागतात. घरोघरी पत्रके येतात. उर्दूत आपण त्यांना इश्तिहार म्हणतो. वरची ठळक घोषणा सगळेच वाचतात. पण तळाशी बारीक अक्षरांत छापलेली ओळ फार थोडे लोक वाचतात. त्या ओळीत मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि पत्ता असतो.

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ याच्या कलम १२७ क नुसार निवडणुकीच्या पत्रकावर ही ओळ छापावीच लागते. प्रकाशक आपल्या ओळखीचे घोषणापत्र सही करून छापखान्याला देतो. त्याला ओळखणाऱ्या दोन माणसांच्या सह्याही त्यावर लागतात. मुद्रक घोषणापत्र आणि पत्रक यांची प्रत सरकारी अधिकाऱ्याकडे पाठवतो. किती प्रती छापल्या आणि किती पैसे घेतले, हेही कळवावे लागते. नियम मोडणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

एवढी काळजी कशासाठी? निनावी पत्रकातून कोणाचीही खोटी बदनामी करता येते आणि जाब विचारायला कोणी सापडत नाही. शिवाय उमेदवाराच्या खर्चाला मर्यादा असते. पत्रके कोणी छापून घेतली हेच कळले नाही, तर त्यांचा खर्च कोणाच्या हिशेबात धरायचा?

२०१९ पासून फेसबुकवरील राजकीय जाहिरातींवरही खर्च करणाऱ्याचे नाव दाखवले जाते.

पण पत्रकावर पक्षाचे नाव असले, तरी पक्षाला पैसा कोणी दिला, हा प्रश्न उरतोच. २०१८ साली निवडणूक रोखे सुरू झाले. ते विकत घेऊन पक्षाला देणाऱ्याचे नाव मतदारांना कळत नसे. १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवली. मतदाराला माहिती मिळण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने सांगितले. पुढे मार्च २०२४ मध्ये देणाऱ्यांची नावे प्रसिद्ध झाली.

तुम्ही अठरा वर्षांचे झालात की मतदार व्हाल. पत्रक हाती आले, तर आधी तळाची ओळ वाचा. ती नसेल, तर त्या पत्रकावर सहज विश्वास ठेवू नका.

शब्दार्थ
मुद्रक – छापणारा
निनावी – नाव नसलेले
जाब विचारणे – जबाबदार धरून कारण विचारणे
घटनाबाह्य – राज्यघटनेत न बसणारे

स्वाध्याय
१. पत्रकाच्या तळाशी कोणती माहिती असते?
२. निनावी पत्रकामुळे कोणते नुकसान होते?