अप्पर-डिप्पर

आमची गाडी स्पोर्ट्स कार आहे की नाही, यावरून घरात दोन तट आहेत. बायकोच्या मते ९४८ सीसीच्या, चढावर धापा टाकणाऱ्या गाडीला स्पोर्ट्स म्हणणं म्हणजे बकरीला रोही म्हणण्यासारखं आहे. माझा मुद्दा मात्र पक्का आहे. १९६२ साली इंग्लंडात निघालेली ट्रायम्फ स्पिटफायर ही अस्सल स्पोर्ट्स कार हेराल्डचीच चेसिस आखूड करून बनवलेली. दोन्हींचं रूपही एकाच इटालियनाने काढलेलं, जोव्हानी मिकेलोत्तीने. मग मद्रासच्या स्टँडर्ड मोटरने बांधलेली आमची दोन दारांची हेराल्ड स्पिटफायरची सख्खी बहीण नसली तरी मावसबहीण तरी लागेलच की.

गाडी १९६६ ची, मामांची. मामा गेल्यावर ती अकोल्याहून अमरावतीला माझ्याकडे आली. मामी अजून अकोल्यातच असतात, म्हणून दर पंधरा दिवसांनी शनिवारी जाऊन येणं होतं. जाणं उजेडी असतं, पण मामी जेवल्याशिवाय सोडत नाहीत, त्यामुळे परतताना रात्र. पहिल्या वर्षी ही वाट मी समईच्या उजेडात कापली असं म्हटलं तरी चालेल. पुढे तीन वर्षं त्या दोन दिव्यांच्या मागे लागलो. त्यात जे पैसे गेले ते गेले. जे कळलं ते लिहून ठेवतो.

१. बल्ब घेण्याआधी मीटर लावा.

मी उलटं केलं. आधी मूळचे टंगस्टन बल्बवाले दिवे काढून हॅलोजनचे बसवले. सात इंची गोल दिवा ही जुन्या गाड्यांची मोठी सोय. अ‍ॅम्बॅसेडर, जीप, बुलेट सगळ्यांना तोच, त्यामुळे काच-रिफ्लेक्टर कुठेही मिळतं. रस्त्यासाठी मान्य असलेला एच-४ बल्ब ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे अप्पर ६० आणि डिपर ५५. तो लावूनही उजेड जेमतेमच पडला, म्हणून दुकानदाराने १३०/१०० चे दोन बल्ब हातात ठेवले. बोरगाव मंजूच्या पुढे करपल्याचा वास आला. थांबून पाहिलं तर डाव्या दिव्याचं होल्डर वितळून बल्बला चिकटलेलं.

अकोल्याला ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणारे एक चाचा आहेत. त्यांनी ते होल्डर पाहिलं, बल्बवरचा आकडा वाचला आणि म्हणाले, “सर, म्हैस उपाशी हाये, अन् तुमी बादली मोठी आनली.” मग मीटर लावला. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, दिव्याच्या होल्डरवर १०.४. मधले दोन व्होल्ट पन्नास वर्षांच्या वायरीत, स्विचमध्ये आणि गंजलेल्या जोडांत खर्च होत होते. हॅलोजनचा हिशेब विचित्र आहे: व्होल्टेज दहा टक्के उतरलं की उजेड तीस टक्क्यांच्या आसपास उतरतो. माझं सतरा टक्के उतरलं होतं, म्हणजे उजेड निम्म्यावर. आणि बल्ब जितका मोठा तितका करंट जास्त ओढतो. करंट जास्त की त्याच वायरीत गळतीही जास्त. मोठा बल्ब लावून मी वायर तापवत होतो, रस्ता नव्हे.

२. रिले बसवा. बाकीचं नंतर.

दिव्यांवर मी केलेल्या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची वस्तू हीच. जुन्या इंग्रजी पद्धतीच्या गाड्यांत दिव्यांचा सगळा करंट डॅशबोर्डापर्यंत येतो, स्विचमधून फिरतो आणि परत पुढे जातो. दोन दिव्यांचे मिळून नऊ-दहा अँपिअर त्या चिमुकल्या स्विचच्या टोकांमधून जातात. रिले बसवल्यावर स्विचने फक्त रिलेला खूण करायची. त्याला पाव अँपिअरही लागत नाही. खरा करंट बॅटरीवरून जाड वायरीने थेट दिव्याला.

रिलेला चार पिना असतात आणि त्यांवर आकडे कोरलेले असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला दिवा, ८५-८६ मध्ये स्विचकडून आलेली वायर आणि अर्थ. अप्परला एक, डिपरला एक, असे दोन रिले. वायर अडीच स्क्वेअर एमएमची घेतली. जुनी वायरिंग कापली नाही, तिलाच रिलेची खूण वाहायला लावलं. त्यात निळ्या-पांढऱ्या पट्ट्याची वायर अप्परची, निळ्या-लाल पट्ट्याची डिपरची. हा रंगांचा हिशेब इंग्रजी गाड्यांत ठरलेला आहे, फक्त पन्नास उन्हाळ्यांनंतर सगळेच रंग तपकिरी दिसतात. इन्सुलेशन जरा खरवडून आतून पाहावं लागतं.

फ्यूजबद्दल एक भयंकर गोष्ट मला तेव्हाच कळली. या गाड्यांत हेडलाइटला फ्यूज नसतो. फ्यूज उडून रात्री दोन्ही दिवे एकदम जाऊ नयेत, असा विचार असेल बहुधा. पण त्यामुळे वायर चेसिसला घासली तर दिवा जात नाही, गाडी पेटते. आता दोन्ही रिलेंना पंधरा-पंधरा अँपिअरचा वेगळा फ्यूज आहे. एक गेला तरी दुसऱ्यावर घरी पोचता येतं.

हे झालं आणि होल्डरवर १२.२ आले. त्याच ६०/५५ च्या बल्बांवर. परतीच्या वाटेवर काटेपूर्णेच्या पुलाचा कठडा मला पहिल्यांदा पूर्ण दिसला.

३. अर्थची वायर वेगळी ओढा.

हेराल्डचं बॉनेट मडगार्डांसकट अख्खं पुढे उलटतं, आणि हेडलाइट त्या बॉनेटमध्येच बसवलेले आहेत. पाहुण्यांना दाखवायला ही करामत उत्तम, वायरीला मात्र जाच. प्रत्येक उघड-झाकीत वायरींचा तो जुडगा त्याच जागी वाकतो आणि आतल्या तारा एकेक करून तुटतात. बाहेरून इन्सुलेशन धडधाकट दिसतं. शिवाय बॉनेटला अर्थ मिळणार बिजागरीतून, आणि बिजागरीवर रंगाचे तीन थर. तीन आठवडे माझा उजवा दिवा ब्रेक मारला की मिणमिणायचा. बल्ब बदलला, होल्डर बदललं. शेवटी चाचांनी एक काळी वायर दिव्यापासून थेट बॅटरीच्या अर्थला बांधली आणि चहा सांगितला.

गोव्यात १९९८ मध्ये सॅन स्टॉर्म नावाची दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी निघाली होती, रेनॉच्या इंजिनाची. ती तर खरीखुरी देशी स्पोर्ट्स कार. तिची बॉडी फायबरग्लासची. तिथे बॉडीतून अर्थ मिळायचा प्रश्नच नाही, प्रत्येक दिव्याला परतीची वायर हवीच. जुन्या फायबर बॉडीच्या गाडीचे दिवे मंद झाले तर आधी तीच तपासायची.

४. डायनामोची कमाई किती, ते बघून खर्च करा.

अल्टरनेटर नसलेल्या गाड्यांसाठी हे. हेराल्डचा डायनामो भरधाव असताना वीस-बावीस अँपिअर देतो, आणि आयडलवर जवळपास काहीच नाही. माझे ते १३०/१०० चे बल्ब अप्परवर पावणेबावीस अँपिअर खात होते. म्हणजे सगळी कमाई दोन बल्बांत. इग्निशन, वायपर, मागचे दिवे बॅटरीच्या उधारीवर. ६०/५५ ला हा डायनामो पुरतो. आणि पुढे अल्टरनेटर किंवा एलईडी काहीही लावणार असाल, तर गाडीचा अर्थ बॅटरीच्या कोणत्या टोकाला आहे ते आधी बघा. जुन्या इंग्रजी गाड्यांत तो प्लसला असू शकतो.

५. काचेवरचा बाण.

भाचा जर्मनीत असतो. त्याने हौसेने तिथल्या जुन्या बाजारातून सात इंची हॅलोजनच्या काचांची जोडी आणली. काच अशी की मामींनी त्यात तोंड पाहून टिकली नीट केली. मी लगेच बसवली. त्या रात्री समोरून येणारा प्रत्येक ट्रक मला अप्पर मारत होता. मी डिपर देतोय, ते आणखी मारतायत. मूर्तिजापूरजवळच्या ढाब्यावर एक ड्रायव्हर उतरून आलाच. “काय राजेहो, आंधळं करता का आमाले?”

चूक माझी होती. डिपरचा झोत दोन्हीकडे सारखा नसतो. आपल्या बाजूच्या कडेचा माणूस, सायकल, मैलाचा दगड दिसावा म्हणून तो एका बाजूला जरा वर चढवलेला असतो, आणि ते काम काचेवरच्या आडव्या-तिरप्या रेघा करतात. आपण डावीकडून चालतो, म्हणून आपला झोत डावीकडे चढतो. जर्मनीत उजवीकडून चालतात. त्यांच्या काचा माझ्या गाडीला लावल्यावर तो चढलेला झोत थेट समोरच्याच्या डोळ्यांत. युरोपातल्या काचेवर याची खूण असते: दिव्याच्या समोर उभं राहिल्यावर आपल्या उजवीकडे टोक असलेला बाण दिसला तर ती डावीकडून चालणाऱ्या देशांची. बाण नसेल तर उजवीकडून चालणाऱ्यांची. माझ्या काचांवर बाण नव्हता. त्या आता दिवाणखान्यात आहेत, एकीत मोगऱ्याची फुलं ठेवतो.

६. एलईडीचा मोह मलाही झाला.

दोन आठवडे लावून पाहिले. जुन्या रिफ्लेक्टरमध्ये नुसता एलईडीचा बल्ब खोचणं मला पटत नाही. एच-४ मध्ये डिपरच्या तारेखाली पत्र्याची इवलीशी वाटी असते, ती अर्धा उजेड अडवते म्हणून झोताला वरून सरळ कड येते. रिफ्लेक्टरचं सगळं गणित त्या तारेच्या जागेवर बेतलेलं. एलईडीची चिप मिलिमीटरभर जरी इकडेतिकडे झाली, तरी उजेड खूप पडतो पण नको तिथे. समोर पांढरंशुभ्र, आणि पन्नास मीटरपुढे काळोख. कापूस-तुरीच्या दिवसांत रस्त्यावर धूळ असते, त्या धुळीत पांढरा उजेड भिंतीसारखा परत येतो. चिखलदऱ्याला श्रावणातल्या धुक्यात तर विचारूच नका. त्यात मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर. एका बल्बचा इवला पंखा त्या दोन आठवड्यांतच बसला. एलईडीसाठीच घडवलेला अख्खा दिवा मिळतो, तो वेगळा. पण हेराल्डच्या तोंडावर तो चष्मा मला बघवला नाही.

हॅलोजनचीही एक खोड सांगून ठेवतो: बल्बच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलाचा डाग तापतो आणि तिथूनच बल्ब जातो.

७. जिनिंगच्या भिंतीसमोर अर्धा तास द्या.

झोत लावायला सपाट जमीन आणि सरळ भिंत लागते. आमच्याकडे जिनिंग फॅक्टरीच्या भिंती त्यासाठीच बांधल्या असाव्यात. गाडी भिंतीपासून पाच मीटरवर, टायरमध्ये हवा बरोबर, चालकाच्या जागी माणूस बसलेला. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मारायची. डिपरची वरची कड त्या रेघेच्या पाचेक सेंटिमीटर खाली आली पाहिजे, म्हणजे शंभराला एक असा उतार. मग गाडी मागे घेऊन, खाली उतरून समोर जायचं. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १०६ वा नियम घरच्या घरी तपासता येतो: दिव्यापासून आठ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे, दीड मीटर उंचीवर डोळा. तिथे डोळे दिपले तर दिवा चुकीचा. आपला दिवा असा समोरून मी आयुष्यात कधी पाहिला नव्हता. सगळ्यांनी एकदा पाहावा.

मी हे सगळं केलं आणि मामींना मागे बसवून निघालो. सोबत त्यांची बहीण, दोन पिशव्या संत्री. हेराल्डच्या मागच्या बाजूला एकच आडवा पाटा आहे. वजन पडलं की ढुंगण खाली, नाक वर. मामी म्हणाल्या, “कारे, रस्ता पाहून रायला का झाडावरचे घुबडं?” तेव्हापासून पिशव्या पुढच्या सीटवर आणि मागे माणसं असली की डिपरला स्क्रूचा एक आटा खाली.

८. कागद.

५० वर्षांवरच्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये व्हिंटेजची वेगळी नोंदणी आली, नंबरात व्हीए अक्षरं असलेली. हौसेला छान, पण ती घेतली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. मी घेतली नाही. माझ्या गाडीला मामींच्या हातचं जेवण आणायचं असतं.

९. आता रस्ता चांगला झाला आहे, म्हणून डिपर जास्त वापरा.

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला दरम्यान ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं आणि गिनीज बुकात नोंद झाली. पूर्वी खड्डे होते म्हणून लोक हळू जायचे. आता ट्रॅव्हल्स सुटलेल्या असतात, सगळे अप्परवर. पण त्याच रस्त्याला दिवाळीनंतर कापसाच्या बंड्या लागतात, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही. समोरच्याच्या अप्परने डोळे दिपले की ती बंडी दिसतच नाही. रोही तर अजिबात नाही. म्हणून माझ्या डिकीत लाल रिफ्लेक्टर पट्टीची गुंडाळी असते. ढाब्यावर बंडी उभी दिसली की धुऱ्याला दोन तुकडे चिकटवतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.

एक राहिलं. गेल्या पौषात कुरणखेड ते बोरगाव मंजूच्या दरम्यान माझ्या डाव्या हेडलाइटची क्रोमची रिंग उडून पडली. सात इंची दिव्याची, खालच्या बाजूला पोचा आलेली. कोणाला सापडली असेल, किंवा घरच्या माळ्यावर हेराल्डची जुनी रिंग पडून असेल, तर फेकू नका. १३०/१०० चे ते दोन बल्ब मात्र कोणी मागू नयेत.